फ्लाइट सिम्युलेटरमधल्या उपकरणांच्या चुका खऱ्या विमानातल्यासारख्या असतात का?

चुकांमागचे नियम सिम्युलेटर बऱ्यापैकी बरोबर शिकवतो. चूक पकडायची कशी, हे मात्र मला खऱ्या विमानातच कळलं. तीन वर्षं सिम्युलेटरवर घालवून मग मी सेसना १७२ वर शिकायला गेले.

हेडिंग इंडिकेटर, म्हणजे विमानाचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते अंशांत दाखवणारं उपकरण, घ्या. त्यातला जायरो, म्हणजे वेगाने फिरणारी चकती, आपली दिशा सोडत नाही आणि खालची पृथ्वी फिरत राहते, म्हणून आकडा सरकतो: तासाला १५ अंश गुणिले अक्षांशाचा साइन. लंडनला हे पावणेबारा अंशांच्या आसपास भरतं, बारामतीला साडेचारच्या थोडं वर. शिवाय बेअरिंगचं घर्षण, ते प्रत्येक विमानाचं वेगळं. सिम्युलेटरमध्ये ‘जायरो ड्रिफ्ट’ चालू ठेवलं तर हे सरकणं दिसतं, पण एक कळ दाबली की आकडा जागेवर. खऱ्या विमानात तो होकायंत्राशी जुळवायचा, आणि होकायंत्र वळताना, वेग वाढवता-कमी करताना स्वतःच फसवतं. म्हणून आधी विमान सरळ, एका वेगात धरायचं. मे महिन्यात दुपारी तापलेल्या माळावर विमान उसळत असतं, होकायंत्र डुलत असतं. त्या डुलण्याचा मध्य नजरेने पकडावा लागतो. ही मेहनत मला सिम्युलेटरमध्ये कधीच करावी लागली नाही.

दुसरा अनुभव पिटो नळीचा, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेऊन वेगाचा काटा हलवणाऱ्या नळीचा. एका सकाळी धावपट्टीवर विमानाने वेग घेतला, पण वेगाचा काटा शून्यावरच. मी दोन-तीन सेकंद नुसती बघत राहिले. इंजिन छान चाललं होतं, कुठे लाल दिवा नाही. सरांनी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढला. नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने चिखल भरला होता. तपासणीत तिथे मी वाकून बघायला हवं होतं.

ही साधी गोष्ट नाही. ६ फेब्रुवारी १९९६ ला डोमिनिकन रिपब्लिकमधल्या प्वेर्तो प्लाताहून निघालेलं बिर्गेनएअर या तुर्की कंपनीचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. कॅप्टनची पिटो नळी अशाच कीटकाच्या घराने बुजली असावी, असा तपासाचा अंदाज होता. नळी पूर्ण बुजली की आत जुना दाब अडकतो. विमान वर चढलं की बाहेरचा दाब घटतो आणि काटा वेग वाढल्याचं दाखवतो, प्रत्यक्षात वेग पडत असला तरी.

सिम्युलेटरवर सराव करायचा असेल तर बिघाड स्वतः निवडू नका. घरातल्या कुणाला तरी तो गुपचूप लावायला सांगा, आणि चार दिवस काहीच लावू नका असंही सांगा.