कौतुक वाटलं तरी टोकायचं

सामना बघताना कुणीतरी कृष्णवर्णीय खेळाडूबद्दल ‘नुसती ताकद आहे’ असा शेरा मारला आणि तुम्ही त्यावर गप्प बसला नाहीत, हे फार चांगलं केलंत. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

१. माणसावर नाही, वाक्यावर बोला. ‘तू वर्णद्वेषी आहेस’ म्हटलं की समोरचा स्वतःचा बचाव करत बसतो, खेळाडू बाजूलाच राहतो. त्यापेक्षा विचारा, ‘नुसती ताकद? मग तो मघाचा पास कसा दिसला त्याला?’

२. कौतुकातला साचा ओळखा. नवे लोक हमखास इथेच चुकतात, कारण ऐकायला शिवी नसते. कृष्णवर्णीय खेळाडू ‘दणकट’, ‘उपजत वेगवान’. गोरा मात्र ‘हुशार’, ‘मेहनती’. हा साचा निरुपद्रवी नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला, म्हणजे संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूला, डोकं लागतं, या समजापायी कित्येक कृष्णवर्णीय खेळाडूंना ती जागा नाकारली गेली. १९८८ साली डग विल्यम्स या कृष्णवर्णीय खेळाडूने त्याच जागेवरून सुपर बोल, म्हणजे त्या खेळाचा वर्षाचा अंतिम सामना, जिंकून दिला, सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. २०१७ मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचे काही चाहते आपल्याच संघातल्या रोमेलू लुकाकू या कृष्णवर्णीय खेळाडूच्या शरीरावरून गाणं म्हणत, तेही प्रेमापोटी! हे आता पुरे, असं शेवटी त्यालाच सुचवावं लागलं.

३. माकडासारखे आवाज, उघड शिवीगाळ असेल तर वाद घालू नका. स्टँड, रांग, वेळ लक्षात ठेवून थेट मैदानावरच्या कर्मचाऱ्यांना सांगा.

आणि संघ हरल्या हरल्या हा विषय काढू नका. तेव्हा कुणीच ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी एकेकट्याशी बोला.