पाणी यायच्या आधी निचऱ्याची वाट मोकळी ठेवा

तुम्ही विचारलंय की तुमच्या भागात मोठ्या नदीवरच्या धरणाचा कालवा येतोय, तुमची तीन एकर भारी काळी जमीन लाभक्षेत्रात बसली आहे, तर कोल्हापूरकडच्या बागायतदारांनी सांगावं, आधी काय तयारी करू? मी शिरोळ तालुक्यातला. पाइपलाइन, ठिबक, उसाचं बेणं हे सगळं नंतर बघा. आधी येत्या पावसाळ्यात तुमच्या रानातलं पाणी कुठल्या कोपऱ्यातून आणि कुठल्या ओढ्याला जातं ते बघून या, आणि तो ओढा कुणाला बुजवू देऊ नका.

आमच्याकडची रचना थोडी वेगळी आहे, ती आधी सांगतो. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचं काम राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलं. महाराज 1922 साली गेले, धरण पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. आज त्यात 8.36 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं. हे पाणी नदीतच सोडतात आणि ते बंधाऱ्या-बंधाऱ्यानं अडवत खाली आणतात. सगळ्या महाराष्ट्रात 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात तो हाच. दगडी खांबांना खाचा असतात, पावसाळा सरला की त्यात बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी तुंबवायचं आणि पुढच्या पावसाळ्याआधी बरगे काढायचे, म्हणजे पूर आणि गाळ दोन्ही निघून जातात. तुंबलेलं पाणी मोटारीनं उचलून सहकारी पाणीपुरवठा संस्था रानापर्यंत नेतात. थोडक्यात, आमचा कालवा म्हणजे नदीच. तुमच्यासारखा खराखुरा कालवा बघायचा तर दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाचा बघा. ते धरण 25.40 टीएमसीचं, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांचं. माझ्या मामांचं रान त्या कालव्याखाली आहे.

उपसा असो की कालवा, जादा पाण्यानं जमिनीचं जे होतं ते दोन्हीकडं सारखंच. कालव्याखाली ते लवकर होतं, कारण कालवा स्वतः पाझरतो आणि पाणी आपसूक उताराला येतं. मोटार चालवायला रात्री उठावं तरी लागतं, कालव्याचं दार उघडं टाकून मात्र माणूस खुशाल झोपतो.

आमचं सव्वा दोन एकराचं रान नदीकाठापासून जरा आत, खोलगट जागी आहे. आजोबांच्या वेळी त्यात शाळू आणि हरभरा व्हायचा. पाणी आलं आणि ऊस लागला. पहिली कैक वर्षं असा ऊस आला की घर बांधून झालं, आत्यांची लग्नं झाली. वडील तेव्हा सरी तुडुंब भरल्याशिवाय पाणी बंद करत नसत. पाणी पाजलं म्हणजे पीक येतं, एवढाच हिशेब सगळ्या गावाचा. मग खालच्या कोपऱ्यात उगवण विरळ झाली. मार्चमध्ये तिथं पांढरं फुटायला लागलं. वरवंट्यानं मीठ वाटून पसरावं तसं दिसायचं, आणि त्या कवचाखाली हात घातला तर माती ओली, चिकट. वडिलांनी दुप्पट खत टाकलं, पाणीही वाढवलं. दहा-बारा वर्षांत अर्धं रान गेलं. त्याच दरम्यान शेजारच्यांनी मधला ओढा नांगरून रानात घेतला होता, आम्हीही आमच्या बाजूनं हातभर घेतला. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं, आमचं रान त्या ओढ्याबरोबर गेलं.

हे कसं होतं ते साध्या हिशेबानं सांगतो. एकरभर रानात तीन इंच पाणी दिलं तर ते सुमारे तीन लाख लिटर होतं. लिटरला अगदी पाव ग्रॅम क्षार धरला तरी एका पाळीत पाऊण क्विंटल क्षार रानात आला. पाणी पीक पितं, ऊन पितं, क्षार मात्र मागं राहतो. जमिनीखाली निचरा असेल तर पावसात तो धुऊन जातो. नसेल तर भूजल वर चढत येतं आणि काळ्या मातीत ते दिव्याच्या वातीसारखं पृष्ठभागापर्यंत ओढलं जातं.

आमच्या तालुक्यात आता भूमिगत निचऱ्याची मोठी कामं झाली आहेत. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं त्यात पुढाकार घेतला. आम्हीही शिवारातल्या इतरांबरोबर सच्छिद्र पाइप घातले, साडेचार फूट खोल, वर जाळीचं कापड गुंडाळून, आणि ते सगळे एका मोठ्या बंद पाइपला जोडून ओढ्यात सोडले. पहिल्या पावसात तोंडाशी जाऊन उभा राहिलो. तांबूस पाणी येत होतं, बोट बुडवून जिभेला लावलं, खारट लागलं. वडील शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत, बराच वेळ त्या धारेकडं बघत राहिले. तिसऱ्या वर्षी त्या कोपऱ्यात हिरवळीचं खत म्हणून ताग गाडला आणि पुन्हा ऊस धरला. पण हे काम एकट्याचं नाही. पाणी चार जणांच्या रानातून न्यावं लागतं, आणि एक जण जरी अडला तरी सगळं थांबतं. आमची दोन वर्षं नुसती संमती गोळा करण्यात गेली.

म्हणून तुम्ही आत्ताच, कोरडवाहू असतानाच, मातीची तपासणी करून कागद जपून ठेवा. सामू (पीएच) आणि विद्युत वाहकता (मातीत क्षार किती ते सांगणारा आकडा) दोन्ही बघा. वाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. सामू 8.5 च्या वर आणि माती वाळल्यावर दगडासारखी होत असेल तर ती चोपणाकडं, म्हणजे सोडियम साचून घट्ट होण्याकडं, चालली, तिला जिप्सम लागतं. नुसतं पाणी सोडून ती धुतली जात नाही.

पाणी वापर संस्थेत सुरुवातीपासून भाग घ्या. 2005 च्या कायद्यानं संस्थेला पाणी मोजून मिळतं आणि आतली वाटणी तिच्या हातात असते. मामांचं रान टेलला, म्हणजे चारीच्या (कालव्याच्या लहान फाट्याच्या) शेवटच्या टोकाला आहे. वरच्यांनी मोकाट पाजलं की मामांच्या चारीला पाणी पोचत नाही, आणि वरच्यांची रानं पाणथळ होतात. एकाच चारीवर दोघांचंही नुकसान होतं, हे मी दर उन्हाळ्यात बघतो.

आणि एक करा, त्याला खर्च नाही. रानाच्या सगळ्यात खोलगट कोपऱ्यात पाच फुटांचा खड्डा घ्या, कडेला काठी रोवून त्यावर फुटांच्या खुणा करा. प्रत्येक आवर्तनानंतर, म्हणजे कालव्याचं पाणी येऊन गेल्यावर, आठ दिवसांनी त्यात पाणी कुठवर आलंय ते वहीत लिहा. ते जमिनीपासून चार फुटांच्या आत दिसायला लागलं तर पुढची पाळी अर्धीच घ्या, आणि शेजाऱ्यांना तो खड्डा दाखवायला घेऊन या.