नागपूरहून जपानला होस्ट फॅमिलीकडे चालली आहे, शाकाहारी आहे, पहिले दिवस कसे जातात?

तू लिहिलंस की वर्षभराच्या एक्सचेंजवर चालली आहेस, एप्रिलपासून एका जपानी कुटुंबात राहायचं आहे, भाषा जेमतेम येते आणि पोटात गोळा आलाय. मीही नागपूरचीच, धरमपेठची, कॉलेजात असताना ओसाकाच्या जवळ एका घरी राहिले होते. तू लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको.

सगळ्यात पहिले म्हणजे संकोच इथेच ठेवून जा. आपल्याकडे कोणाकडे जेवायला गेलं की आपण नको नको म्हणतो आणि काकू तरीपण वाढतेच, अन् ती वाढणार हे आपल्यालाही माहीत असतं. तिथे माझ्या घरी तरी नको म्हटलं की विषय संपायचा, कारण ते तुझा शब्द मानतात, बळजबरी करणं त्यांना बरं वाटत नाही. आणि तुझं काही खटकलं तर तेही तोंडावर बोलणार नाहीत, म्हणजे दोन्हीकडून सगळे गोड हसून राहिले आणि कोणाला काहीच कळून नाही राहिलं असं होतं. म्हणून भूक लागली तर लागली म्हण, थंडी वाजली तर वाजली म्हण, आणि प्रत्येक नवीन गोष्टीला "हे तुमच्याकडे कसं करतात?" असं विचारत जा. विचारलेलं त्यांना खूप आवडतं, आणि मोडकीतोडकी भाषा त्यातूनच सुटते.

आता जेवण, कारण तुझी खरी काळजी तीच आहे. "मांस खात नाही" एवढं सांगून भागत नाही, मासे चालत असतील असंच समजतात. आणि मासा दिसला नाही तरी असतो, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं) सूप, नूडल्सचा रस्सा, भाज्या ज्यात उकडतात ते पाणी, सगळ्याच्या खाली दाशी, म्हणजे चवीचं मूळ पाणी असते आणि ती बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांची असते. जपानी करीच्या तयार वड्या मिळतात त्यातही बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते. तर निघण्याआधीच जपानीत एक चिठ्ठी लिहून घे, मांस नाही, चिकन नाही, मासे नाही, माशाची दाशी नाही, अंडं चालतं की नाही हेही स्पष्ट लिही, आणि ती ईमेलने आधीच पाठव म्हणजे त्यांना तयारीला वेळ मिळतो. सोबत हेही लिही की कोंबूची, म्हणजे सुकवलेल्या समुद्री शेवाळाची, किंवा सुक्या शिताके मशरूमची दाशी चालते, कारण नुसतं काय नाही चालत ते वाचून माणूस घाबरतो की मग हिला देऊ काय. माझ्या ओकासानने, म्हणजे होस्ट आईने, माझ्यासाठी एक छोटं पातेलं वेगळं काढलं होतं, त्यात रात्री कोंबूची जाडसर पट्टी पाण्यात टाकून ठेवायची, सकाळी पट्टी काढून त्याच पाण्यात तोफू आणि मिसो. अजूनही मला ती चव आठवते. आपलं काही करून खाऊ घालायचं असेल तर पोह्यांपासून सुरुवात कर आणि फोडणी द्यायच्या आधी विचार, घरं लहान असतात, मोहरी-हिंगाचा वास पडद्यांमध्ये बसतो. सावजी मसाला नंतर, ओळख झाल्यावर.

अंघोळीचं नीट समजून घे, इथे सगळेच गडबडतात. टबमध्ये साबण लावायचा नाही. टबच्या बाहेर छोट्या स्टुलावर बसून, शॉवर घेऊन अंग पूर्ण स्वच्छ धुवायचं, केसही, फेस राहिला नाही पाहिजे, आणि मग चाळीस-बेचाळीस डिग्रीच्या पाण्यात नुसतं बसायचं. तेच पाणी घरातले सगळे एकामागून एक वापरतात, म्हणून बाहेर निघताना बूच काढायचं नाही, वरचं झाकण परत लावायचं म्हणजे पाणी गरम राहतं. पाहुणी म्हणून पहिला नंबर तुलाच देतील बहुतेक, घे बिनधास्त.

चपला दारातच, बोटं दाराकडे करून ठेवायच्या. तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया असतील त्या खोलीत स्लीपरही नाही. टॉयलेटचे स्लीपर वेगळे असतात, ते घालून बाहेर येऊ नको. भातात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, ते मयताच्या वेळचं आहे.

कचरा वेगवेगळा करावा लागतो आणि वार ठरलेले असतात, बाटलीचं झाकण आणि लेबलसुद्धा काढून, तर फ्रिजवर जो तक्ता लावलेला असतो त्याचा फोटो काढून ठेव. घरी पोहोचल्यावर चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसला जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, रेसिडन्स कार्ड, म्हणजे तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाचं ओळखपत्र, कायम जवळ पाहिजे. आणि पहिल्याच संध्याकाळी भूकंपाचं विचार, त्या वेळी घेऊन निघायची बॅग कुठे असते, जमायचं ठिकाण कोणतं. नागपुरात आपल्याला या गोष्टीची सवयच नाही, रात्री भूकंपाच्या इशाऱ्याने मोबाईल एकदम ओरडायला लागला की काही सुचत नाही बापा. ॲम्ब्युलन्स ११९, पोलीस ११०.

घरची आठवण येणार, पहिल्या आठवड्यात जास्तच. तिथे साडेतीन तास पुढे असतं, म्हणजे तिथल्या रात्री साडेनऊला आई इथे सहाचा चहा घेत असेल, ती वेळ ठरवून टाक. पण जेवण झाल्या झाल्या खोलीत जाऊन फोन घेऊन बसू नको. टीव्ही कळत नसला तरी त्यांच्यासोबत बाहेर बस, भांडी पुसू लाग. माझी खरी ओळख भांडी पुसतानाच झाली, समोरासमोर बसून बोलायचं दडपण येतं, हात कामात असले की येत नाही.

भेट म्हणून संत्रा बर्फी ने, छोटे पॅकबंद डबे. ताजी संत्री मात्र नको, फळं क्वारंटाइनवाले अडवतात. आणि फोनमध्ये कामठीच्या ड्रॅगन पॅलेसचे चांगले फोटो ठेव, जपानी दानातून १९९९ मध्ये बांधलेलं विहार आपल्या गावाच्या बाजूला आहे हे तिथे कोणालाच माहीत नसतं. माझ्या होस्ट घरच्या आजोबांनी ते फोटो मोठे करून करून पाहिले आणि जपानमध्ये जन्मलेले भंते सुरई ससाई नागपुरात राहून काम करतात म्हटल्यावर तर त्यांनी नकाशाच काढला.

कपड्यांचं म्हणशील तर नागपुरात मार्च एंडला चाळीसच्या आसपास असतं, तिथे स्वेटर लागतो आणि घरं आतूनही थंड असतात, प्रत्येक खोलीत हीटर चालू नसतो. तुला शहर कोणतं मिळालं ते सांग, उत्तरेकडचं थंड होक्काइदो असेल तर बॅगेची यादी वेगळी करावी लागेल, ती मी लिहून देते.