वाचकांचे प्रश्न : लुटुपुटूच्या लढाया

प्रश्न : १९०१ साली अमेरिकेतल्या बफेलोच्या प्रदर्शनात झालेल्या लुटुपुटूच्या लढाईची एडिसन कंपनीची मूक फिल्म मंडळात दाखवायची आहे. सैनिक तुरुतुरु पळतात. वेग किती ठेवायचा? (एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत. हँडलच्या एका फेऱ्याला ८ फ्रेम (म्हणजे ८ सुटी चित्रं), सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ फ्रेम. हा झाला ढोबळ हिशेब. हात ज्याचा त्याचा. त्याच फ्रेम आजच्या व्हिडिओसारख्या सेकंदाला २५ ने सोडल्या की वेग दीडपटीच्या वर जातो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये गती ०.६४ केली की १६ वर येते.

पण आधी 'ई' कळ दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. दर दोन-तीन फ्रेमनंतर तीच फ्रेम पुन्हा दिसली, तर कॉपी करणाऱ्याने वेग आधीच सुधारलाय. त्यावर पुन्हा ०.६४ लावाल तर सगळी पलटण पेंगुळल्यासारखी चालेल.

खात्री करायची तर पडणारी वस्तू शोधा. चार फुटांवरून सुटलेली बंदूक अर्ध्या सेकंदात जमिनीवर येते. त्या पडण्याच्या फ्रेम मोजा (पुन्हा आलेल्या सोडून) आणि दुप्पट करा. ८ आल्या तर १६, १० आल्या तर २०. धावणाऱ्या माणसावरून अंदाज बांधू नका; जत्रेतला सैनिक प्रेक्षकांसाठी धावतो.

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या १९०० सालच्या फिल्मा खऱ्या की बनावट, कसं ओळखायचं? (राजारामपुरी)

उत्तर : धूर बघा. बोअरांच्या माउझर बंदुकांत बिनधुराची दारू असायची. पडद्यावर प्रत्येक बाराला पांढरा लोट उठत असेल, तर ती काळ्या दारूची, गोळी नसलेली काडतुसं. दुसरं, कॅमेरा दोन्ही सैन्यांच्या मधोमध निवांत उभा असेल तर कोणी खरी गोळी झाडत नाहीये. एडिसनच्या तसल्या काही फिल्मा न्यू जर्सीत घेतलेल्या आहेत.

प्रश्न : दसरा चौकातले मर्दानी खेळ त्या जुन्या मूक फिल्मांच्या पद्धतीने मोबाइलवर टिपायचे आहेत. (तालमीतली पोरं)

उत्तर : तेव्हाचं नेहमीचं भिंग (लेन्स) ५० मिलिमीटरचं. त्याच्यात ५० फुटांवर जेमतेम २४ फूट रुंदी मावते. सगळा आखाडा घ्यायला २०० फूट मागे जावं, तर माणूस चौकटीच्या तेराव्या हिश्शाएवढा उरतो. म्हणून एकच जोडी धरा. मोबाइलवर ३ एक्स झूम, चौकट ४:३, स्टँड पक्का. दांडपट्टेवाला चौकटीबाहेर गेला तर जाऊ दे, कॅमेरा वळवू नका.

रंग काढून चित्र कृष्णधवल करताना लाल चॅनेल (लाल रंगाचा वाटा) शून्य, निळा भरपूर, हिरवा थोडा. त्या फिल्मला लाल दिसतच नसे. भगवा झेंडा काळपट येईल, लाल फेटा काळाकुट्ट, आभाळ पांढरंफेक. आभाळासमोरचा धूर त्यात विरून जातो. बार उडवणार असाल तर मागे झाडं किंवा काळ्या दगडाची भिंत घ्या.