पोरसवदा चेहरा आणि सुपरवायझरची मुलाखत

मुलाखतीत पोरगेला वाटू नये म्हणून काय करू, हा तुझा प्रश्न वाचला. वय २४, मेकॅनिकलचा डिप्लोमा, नाशिकच्या सातपूरमधल्या एका प्रेस शॉपमध्ये (पत्र्याचे भाग दाबून बनवतात तिथे) साडेचार वर्षं काम आणि आता अंबडला शिफ्ट सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत. उंची बेताची, अंगकाठी किरकोळ, दाढीच्या नावाने चार केस. मागे दोन ठिकाणी आत पाऊल टाकताच ‘अप्रेंटिसचे इंटरव्ह्यू कालच झाले’ असं ऐकावं लागलं. मित्र म्हणतात दाढी वाढव, ब्लेझर घाल, झिरो नंबरचा चष्मा लाव. मी याच पट्ट्यात प्रॉडक्शनमध्ये बरीच वर्षं काढली आहेत आणि हल्ली टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वयाने धाकटा आहेस, अरे-तुरे चालवून घे.

समोरचा तुला बघतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे त्याची लाइन असते. तिथे वीस-वीस वर्षं एकाच प्रेसवर घालवलेले काका लोक आहेत, युनियनमध्ये वजन असलेला एखादा आहे, कॉन्ट्रॅक्टवरची पोरं आहेत. ‘याचं ऐकेल का कोणी?’ एवढाच प्रश्न त्याला छळत असतो. दाढीने त्याला उत्तर मिळत नाही. कपड्यांनी थोडंसं मिळतं, बोलण्याने बरंच मिळतं. शिवाय १९६१च्या अप्रेंटिस कायद्यामुळे आमच्याकडे दरवर्षी नवे डिप्लोमावाले वर्षभरासाठी येतात. कोवळा चेहरा, पाठीवर सॅक आणि हातात प्लॅस्टिकची फाइल दिसली की डोकं आपोआप ‘अप्रेंटिस’ म्हणून मोकळं होतं. त्यात तुझा अपमान करायचा हेतू नसतो, सवय असते.

कपड्यांचं आधी उरकतो, ते सोपं आहे. बारीक अंगाच्या मुलांचा घोळ रंगापेक्षा मापात असतो. दुकानात ३६ संपलेला असतो, दुकानदार ३८ नाहीतर ४० गळ्यात मारतो, वर ‘धुतल्यावर बसेल’ म्हणतो. मग खांद्याची शिवण दंडावर उतरते, कॉलरमध्ये मान हलत राहते आणि मोठ्या भावाचा शर्ट घालून आल्यासारखं दिसतं. शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी, वरचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये एखादं बोट जावं, बाही मनगटाच्या हाडाशी संपावी. बाही आणि बाजू अल्टरेशनवाला करून देतो, खांदा मात्र नंतर नीट होत नाही, म्हणून घेताना खांदाच बघ. मेन रोडला कापड घेऊन शिवून घेतलास तर उत्तम, पण लग्नसराईत टेलरच्या तारखेवर विसंबू नकोस. फिकट निळा किंवा पांढरा साधा शर्ट, राखाडी नाहीतर नेव्ही पँट. घोट्याला आवळलेली नको आणि बुटावर गोळा होणारीही नको. चकचकीत कापड, काळा शर्ट, कॉलरच्या आत वेगळ्या फुलांचं अस्तर हे सगळं वरातीसाठी ठेव. पट्टा आणि बूट एका रंगाचे, बूट लेसचे. उंची वाढवणारे सोल आत घालू नकोस. प्लांट बघायला चालवत नेतात, चाल लगेच ओळखू येते.

ब्लेझर नको. अंबडच्या शेडमध्ये मार्चनंतर ब्लेझर घालून बसलेला मुलगा घामाने निथळतो आणि घाबरलेला वाटतो. टायही नको, त्याला तर कारणही आहे. प्रेस आणि लेथ चालतात तिथे गळ्यात लोंबणारं काही चालत नाही, आणि शॉप फ्लोअरचा माणूस हे जाणतो. सुपरवायझरच्या मुलाखतीला टाय लावून आलेला मला नेहमी पुस्तकातून आल्यासारखा वाटतो.

सॅक मात्र आजच बदल. माझ्या मते तुझ्या चेहऱ्याइतकंच वय ती कमी करते. कागद बसतील एवढी साधी काळी बॅग किंवा जाड पुठ्ठ्याचं फोल्डर पुरे. हुडी किंवा जर्किनचंही तेच. डिसेंबरात सकाळच्या थंडीत दुचाकीवर ते लागणारच, पण गेटवर काढून डिक्कीत टाक. गरवारे पॉइंटपासून आत येईपर्यंत बुटांवर धुळीचा थर बसतो आणि हेल्मेटने केस चपटे होतात, म्हणून एक फडकं आणि कंगवा जवळ असू दे. केस बाजूने मशीन मारून वर झुपका ठेवलेले नकोत. साधा कट, तोही चार-पाच दिवस आधी, म्हणजे ताजा कापलेला वाटत नाही.

दाढीबद्दल. विरळ दाढी वय वाढवत नाही, उलट ‘येत नाहीये’ हे लांबून सांगते. हनुवटीवर पुंजका आणि गालावर मोकळं रान, असं असेल तर गुळगुळीत कर. मिशी नीट भरत असेल तर आखून ठेवायला हरकत नाही. मिनॉक्सिडिलचं तू विचारलंयस. ते डोक्याच्या केसांसाठीचं औषध आहे, परिणाम दिसायलाच काही महिने जातात, कातडी खाजते, कोरडी पडते, कोणाला धडधडतं. तुझी मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. हौस असेल तर नंतर कातडीच्या डॉक्टरला विचार, या कामासाठी नको. आणि पुढे कधी खाद्यपदार्थांच्या किंवा औषधांच्या कारखान्यात अर्ज केलास, तर तिथे दाढीवाल्यांना जाळी लावून काम करावं लागतं, काही ठिकाणी सफाचट करायलाच सांगतात. चष्म्याला खरा नंबर असेल तर लाव, नसेल तर विषय संपला.

आता बोलण्याकडे येतो, कारण माझ्या मते निकाल तिथे लागतो. लहान दिसणारी मुलं घाईत बोलतात. त्यांना वाटतं की आपल्याला वेळ कमी दिलाय, तेवढ्यात सगळं कोंबायचं. वाक्य अर्ध्यात सोडून पुढचं धरतात, शेवट ‘...म्हणजे तसं सर’ असा विरून जातो. आवाज मुद्दाम घोगरा करू नकोस, ते फार हास्यास्पद होतं. फक्त वाक्य पूर्ण कर आणि थांब. प्रश्न आल्यावर दोन-तीन सेकंद गप्प बसणारा माणूस आपोआप पोक्त वाटतो. माहीत नसेल तर ‘यावर काम केलेलं नाही’ असं सरळ म्हण आणि तिथेच थांब, माफी मागू नकोस. इंग्रजीतून सुरुवात झाली आणि मधेच समोरच्याने मराठी धरली तर तूही मराठीत ये. दर दोन शब्दांनी ‘सर’ टाकू नकोस, एका उत्तरात एकदा पुरे.

‘अरे, तू तर कॉलेजचा वाटतोस’ हे वाक्य येणार, हे धरूनच जा. त्यावर जन्मतारीख सांगत बसलास की तू बचावात गेलास. खांदे पाडून कसनुसं हसलास तरी तेच. मोकळं हसून एका वाक्यात कामावर ये: ‘हो सर, सगळेच म्हणतात. सेकंड शिफ्टला अकरा प्रेस माझ्याकडे असतात.’ आकडा तुझा खरा टाक. एवढं बोलून गप्प. पुढचा प्रश्न प्रेसबद्दलच येतो.

आता मी स्वतः विचारतो तो एक प्रश्न सांगतो. प्रेसला टू-हँड बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही, म्हणजे हात डायमध्ये, पीस दाबणाऱ्या साच्यात, राहायची भीती नाही. ‘पन्नाशीचा ऑपरेटर आहे, त्याने एक बटण पट्टी लावून दाबून ठेवलंय आणि एका हाताने मशीन चालवतोय. तू राउंडला आलास. काय करशील?’ बहुतेक जण ‘त्यांना समजावून सांगीन’ म्हणतात, नाहीतर थेट मेमोवर जातात. सिन्नरकडचा एक मुलगा आला होता, तुझ्यासारखाच, मिसरूडही धड फुटलेलं नाही. क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘आधी प्रेस बंद करीन. बोलणं नंतर. लाइनवर सगळ्यांसमोर काही बोलणार नाही, बाजूला घेऊन पट्टी का लावली ते विचारीन. बहुतेक वेळा बटण जड झालेलं असतं, नाहीतर पीस डायमध्ये नीट बसत नाही म्हणून हाताने धरावा लागतो. तसं असेल तर मेंटेनन्स नाहीतर टूल रूमला बोलवायचं, आणि ते होईपर्यंत प्रेस सुरू नाही, टार्गेट गेलं तरी. लॉगबुकला नोंद करायची, मॅनेजरला शिफ्ट संपायच्या आत सांगायचं.’ मग उलट त्यानेच विचारलं, ‘या प्रेसला लाइट कर्टन आहे का सर?’ म्हणजे हात आत गेला की प्रकाशकिरण अडून मशीन थांबवणारी यंत्रणा. टेबलावर आम्ही तिघे होतो. त्यानंतर त्याच्या वयाचा विषय कोणी काढला नाही.

यातलं काय घ्यायचं ते नीट बघ. त्याने मशीन थांबवली, म्हणजे निर्णय घेतला. वयाने मोठ्या माणसाची चारचौघांत शोभा केली नाही. तो माणूस तसं का वागतोय याची कारणं त्याला ठाऊक होती, म्हणजे लाइनवर खरंच उभा राहिलेला होता. आणि वर कळवायचं तो टाळत नव्हता. पट्टी लावणाऱ्याला नुसता दोष देणारा मुलगा मला कच्चा वाटतो, तो कितीही दाढीवाला असो.

तुझ्याकडे असे प्रसंग असणारच. दोन-तीन काढून ठेव. एखाद्या जुन्या ऑपरेटरने तुझं ऐकलं नाही आणि मग काय झालं, हा त्यातला सर्वांत मोलाचा. लाइनवर तू त्यांना काका म्हणतोस ते ठीक आहे, आम्हीही म्हणतो, पण मुलाखतीत ‘सीनियर ऑपरेटर’ म्हण. ‘काकांनी ऐकलंच नाही सर’ म्हटलंस की पुन्हा सतरा वर्षांचा झालास. दुसरा प्रसंग, पीसच्या कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, येतोय किंवा माप सरकलंय म्हणून तू स्वतः काम थांबवलंस असा. तिसरा रिजेक्शनचा, म्हणजे नापास होणारे पीस कमी केल्याचा. इथे आकडे दे: किती टनाची प्रेस, पीस कोणता, आधी किती टक्के जात होतं, नंतर किती, डाय बदलायला किती मिनिटं लागायची. फुगवू नकोस, कारण पुढचा प्रश्न ‘हे टक्के मोजले कसे?’ हाच असतो. टीमने केलं तिथे टीम म्हण, पण त्यात तुझा हात नेमका कुठे लागला तेही सांग. सगळीकडे ‘आम्ही’ म्हणणारा मुलगा बघ्यासारखा वाटतो.

कागदांचं एक काम कर. पीएफच्या संकेतस्थळावरून तुझ्या यूएएनची (पीएफच्या कायम क्रमांकाची) सर्व्हिस हिस्टरी छापून फोल्डरमध्ये ठेव. कोणत्या तारखेपासून कोणाकडे आहेस हे तिथे दिसतं, आणि साडेचार वर्षांबद्दलची शंका तिथेच मिटते. सुरुवातीची वर्षं कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर असतील तर ते आपण होऊन सांग, नंतर निघालं की लपवल्यासारखं होतं. सोबत शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा.

लहान दिसण्याचा खरा तोटा तुझ्या प्रश्नात आलेला नाही. तो पगार ठरताना होतो. ‘सहा महिने ट्रेनी म्हणून बघू, मग करू सुपरवायझर’ असं गोड शब्दांत येतं. त्यावर चिडू नकोस आणि लगेच मानही डोलवू नकोस. ‘प्रोबेशन चालेल सर, पण पद शिफ्ट सुपरवायझरचंच असू द्या’ असं म्हण. ते नाहीच म्हणाले, तर सहा महिन्यांनी पद आणि पगार काय होणार ते ऑफर लेटरमध्ये लिहून मिळेल का एवढं विचार, आणि उत्तर द्यायला एक दिवस माग. मोठी कंपनी असेल, नव्या मशीनवर हात बसणार असेल, तर ट्रेनीचाही विचार करता येतो, पण मग तो घरी बसून, पासबुक समोर ठेवून. ऑफर लेटर हातात पडेपर्यंत सातपूरचा राजीनामा टाकू नकोस. नोटीस पिरियड किती आहे ते मात्र आजच नेमणूकपत्र काढून बघून ठेव, तो प्रश्न नक्की येतो.