कणकवलीच्या काळ्या दगडाबद्दल: आधी फोडा, मग घासा

विहीर खणताना निघालेला जड काळा दगड, टाइलवर तपकिरी रेघ, म्हणजे हे क्रोमाइट (क्रोमियमचं खनिज) का, असा तुमचा प्रश्न. वाचून पोटात कालवलं. आमच्या वेंगुर्ला तालुक्यातल्या जमिनीत मला असाच दगड मिळाला होता आणि मीही हेच ठरवून बसलो होतो.

चमक, पाटन (दगड सपाट पातळ्यांवर फुटतो का), कठिनता तुम्ही तपासलीच असेल. मला एवढंच सांगा, घासलात ती बाजू ताजी फुटलेली होती का?

मी अख्खा दगड तसाच घासला. आपल्याकडे पावसाने खडक कुजतो, सुटलेलं लोह गंजतं आणि दगडांवर लिमोनाइटचं, म्हणजे गंजासारख्या लोहखनिजाचं पुट चढतं. त्या पुटाचा कस, म्हणजे टाइलवर घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग, पिवळट तपकिरी. मी मात्र ‘क्रोमाइटचा कस तपकिरी’ एवढं वाचून चुलत्यांना सांगून मोकळा झालो. जमीन सामाईक, वाटणी ठरत आलेली. "खाली काय आहे ते कळू दे आधी," म्हणून सगळे थांबले. दोन वर्षं गेली, त्यात थोरले काका गेले, वाटणी अजून व्हायचीय.

त्या काळात एका कार्यालयात नमुना दिला होता. तीन खेपा, दोन अर्ज, आणि सहा महिन्यांनी एक ओळ: ‘नमुना लोहयुक्त दिसतो.’ अहो, क्रोमाइटातही लोह असतंच की! कस कुठला, वजन किती, काही नाही. दगडही परत दिला नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी ओळखीच्या एका निवृत्त भूगोल शिक्षकांनी घणाने दगड फोडला आणि आतली बाजू लोणच्याच्या बरणीच्या तळाच्या खरखरीत काठावर ओढली. रेघ गेरूसारखी लाल. हेमॅटाइट, म्हणजे लोहखनिज. रेडीच्या लोहखनिजाच्या खाणी आमच्याच तालुक्यात, तरी मला सुचलं नव्हतं.

तुमच्याकडे जानवली-वागद्याला क्रोमाइट आहे, त्यामुळे तुमचा अंदाज खराही ठरेल. पण ताज्या बाजूचा कस बघा. लाल आला तर हेमॅटाइट, काळा आला तर मॅग्नेटाइट किंवा इल्मेनाइट (हीही लोह असलेली काळी खनिजं), गडद तपकिरी आला तरच क्रोमाइटचा विचार करा. टाइलची मागची बाजू पांढरीच हवी, विटकरी नको. पांढरी पूड पडली आणि टाइलवर चरा उठला तर ती पूड टाइलची.

चुंबकावर माझा भरवसा नाही. जोरदार चुंबक इल्मेनाइटलाही थोडा ओढतो, क्रोमाइटलाही कधीकधी. त्यापेक्षा विशिष्ट गुरुत्व काढा, म्हणजे दगड तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड ते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा, दगड दोऱ्याने पूर्ण बुडेल असा लटकवा, तळाला टेकू देऊ नका. कोरडं वजन भागिले हा नवा आकडा. माझा तुकडा कोरडा ४२० ग्रॅम, बुडवल्यावर काट्यावरचा आकडा ८४, म्हणजे ५. शुद्ध हेमॅटाइट ५.२ च्या पुढे जातं, क्रोमाइट साधारण ४.५ ते ४.८. दगड सच्छिद्र असेल तर आकडा खाली येतो, म्हणून नुसत्या यावरही निकाल देऊ नका.

मी भूशास्त्रज्ञ नाही, हे सगळं ठेच लागून शिकलेलं. आणि कृपा करून खात्री होईपर्यंत भाऊबंदांत काही बोलू नका.

फोडताना डोळ्यांना चष्मा लावा. पुटाचा आणि आतला, दोन्ही कस शेजारी शेजारी काढा आणि दिवसाउजेडी फोटो टाका, ट्यूबलाइटखाली लाल-तपकिरी कळत नाही. मी बघून सांगतो.