नाइटविशचा आवाज अल्बमागणिक कसा बदलत गेला? तो फक्त गायिका बदलल्यामुळे बदलला का?

नाइटविश हा फिनलंडचा सिम्फॉनिक मेटल बँड, म्हणजे जड गिटार आणि वाद्यवृंदाचा बाज एकत्र. तुमचा प्रश्न असा आहे: 'नेमो' ऐकलं, मग जर्मनीतल्या वाकेन या मेटल महोत्सवाच्या २०१३च्या कार्यक्रमातलं 'घोस्ट लव्ह स्कोर' ऐकलं आणि हा एकच बँड आहे यावर विश्वास बसेना. मधे काय घडलं, आणि गायिका बदलल्या एवढंच त्याचं कारण का?

आधी एक सांगते. ही दोन्ही गाणी एकाच अल्बममधली आहेत, २००४च्या 'वन्स'मधली. 'नेमो' तुम्ही तार्या तुरुनेनच्या आवाजात ऐकलंत आणि दुसरं फ्लोर यान्सेनच्या, म्हणून फरक इतका जाणवला. तेव्हा गायिकेमुळे फरक पडतो, हे तुमच्याच अनुभवावरून सिद्ध झालं. पण नाइटविशच्या आवाजातली सगळ्यात मोठी उलथापालथ २००२ ते २००४मध्ये झाली, आणि तेव्हा गायिका तार्याच होती. ती घडवली गाणी लिहिणाऱ्या तुओमास होलोपाइनेनने. हा माणूस बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो, पण विचार करतो तो पूर्ण वाद्यवृंदाचा. त्याच्या डोक्यातला ऑर्केस्ट्रा हळूहळू अल्बमवर कसा उतरत गेला, या अंगाने ऐकलं की सगळे बदल नीट उलगडतात.

सुरुवात १९९६ची. पूर्व फिनलंडमधलं, रशियाच्या सीमेजवळचं कितेए हे छोटंसं गाव. तुओमासच्या मनात होतं शेकोटीभोवती बसून म्हणावं तसं शांत, अकूस्टिक संगीत. गिटारला एम्पू वुओरिनेन आणि गायला गावातलीच तार्या, जी शास्त्रीय गायन शिकत होती. तिचा आवाज इतका दमदार निघाला की शेकोटीच्या गाण्यांना तो झेपेना. मग इलेक्ट्रिक गिटार आली, ड्रमवर यूका नेवालाइनेन आला. १९९७चा 'एंजल्स फॉल फर्स्ट' हा पहिला अल्बम मुळात डेमो, म्हणजे नमुन्याचं ध्वनिमुद्रण, म्हणून केलेला, आणि तो तसाच ऐकू येतो. काही गाण्यांत तुओमास स्वतः गायलाय, बेस गिटारही एम्पूनेच वाजवली आहे. कच्चा आहे, पण त्यातली जंगलं, बर्फ, एकटेपणा हे सगळं पुढे कायम राहिलं.

खरा नाइटविश जन्मला १९९८च्या 'ओशनबॉर्न'मध्ये. त्या काळात फिनलंडमध्ये स्ट्रॅटोव्हॅरियससारख्या बँडमुळे पॉवर मेटलची हवा होती: द्रुत लय, डबल बेस ड्रमचा अखंड मारा, गिटार आणि कीबोर्डच्या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या ताना. 'ओशनबॉर्न'चा सांगाडा तोच आहे. 'स्टारगेझर्स' लावा, पहिल्या मिनिटातच कळेल. पण त्या सांगाड्यावर तार्याने जे चढवलं तसं तेव्हा फार कोणी करत नव्हतं. 'पॅशन अँड द ऑपेरा'चा शेवट मुद्दाम ऐका. शब्द सोडून ती नुसत्या आकारात जाते आणि वरच्या सप्तकात सुटे, टोकदार, एकेक मोजून फेकल्यासारखे सूर घेते. मोझार्टच्या ऑपेरातली 'रात्रीची राणी' ज्यांनी ऐकली आहे त्यांना लगेच ओळख पटेल. खाली गिटार आणि ड्रम धावताहेत आणि वर ही ऑपेराची फिरत, यात कुठेही ठिगळ लावल्यासारखं वाटत नाही. मला आजही हा अल्बम बँडचा सगळ्यात धाडसी अल्बम वाटतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. इथे जे 'सिम्फॉनिक' आहे ते जवळजवळ सगळं कीबोर्डातून येतं. व्हायोलिनचा आभास, कोरसचा आभास, बहुतेक तुओमासची बोटं. २०००चा 'विशमास्टर' याच वाटेवरचा, जास्त घोटीव आणि जास्त सफाईदार. त्यातलं 'डेड बॉइज पोएम' सोडलं तर मला तो 'ओशनबॉर्न'चाच पुढचा भाग वाटतो.

मग २००२, 'सेंच्युरी चाइल्ड'. इथे दोन गोष्टी एकदम झाल्या. बेस वाजवायला मार्को हिएताला आला. तो टॅरॉट या जुन्या फिनिश हेवी मेटल बँडचा गायक, आवाज खरखरीत, रांगडा. आणि जोएन्सू शहराचा ऑर्केस्ट्रा रेकॉर्डिंगला आला, म्हणजे पहिल्यांदाच खराखुरा पूर्ण वाद्यवृंद. तोवर तार्याच्या आवाजासमोर दुसरा तोलामोलाचा आवाज नव्हता, आता संवाद शक्य झाला. 'स्लेइंग द ड्रीमर'मध्ये मार्को अक्षरशः ओरडतो आणि गाण्याला एक राग येतो, जो आधीच्या परीकथांमध्ये नव्हता. गिटारच्या रिफही, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटी, बदलल्या. धावपळ कमी झाली, जडपणा वाढला. शेवटचं 'ब्यूटी ऑफ द बीस्ट' दहा मिनिटांचं आहे, तीन भागांत. लांब गाणं टप्प्याटप्प्याने बांधायचं, हे तुओमास इथे शिकला असं मला वाटतं.

'वन्स'मध्ये त्या शिकण्याचं फळ आलं. ऑर्केस्ट्रा लंडनचा, आणि त्याची मांडणी करायला पिप विल्यम्स, ज्याने आधी मूडी ब्लूज आणि स्टेटस क्वोसारख्या बँडांबरोबर काम केलं होतं. आता वाद्यवृंद सजावटीला नव्हता, तो बँडचा सहावा वादक झाला. तुम्हाला आवडलेलं 'घोस्ट लव्ह स्कोर' याच दृष्टीने पुन्हा ऐका. साधारण मध्यावर गाणं थांबल्यासारखं होतं, गाणारा आवाज बाजूला होतो आणि ऑर्केस्ट्रा सूत्रं हातात घेतो. खालून चेलो आणि डबल बेस सरकतात, ब्रास वाद्यं एकेक पायरी चढत जातात, कोरस शिरतो, आणि गिटार-ड्रम परत येतात तेव्हा ते ऑर्केस्ट्राच्या ठेक्यावर वाजत असतात. 'ओशनबॉर्न'मध्ये गोष्ट उलटी होती, तिथे बँड पुढे आणि तंतुवाद्यांचा आभास मागे. एवढ्या सहा वर्षांत मालक आणि पाहुणा यांची अदलाबदल झाली. तुओमासला चित्रपट-संगीताचं, विशेषतः हान्स झिमर आणि डॅनी एल्फमनचं वेड आहे, ते इथे उघड दिसतं.

तार्याचं गाणंही 'वन्स'मध्ये बदललेलं आहे, आणि याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. 'नेमो'त ती पूर्ण ऑपेरात जातच नाही. मधल्या पट्टीत, शब्द जवळ धरून गाते. म्हणजे पुढे ज्याला लोक 'गायिका बदलल्यामुळे आलेला पॉप बाज' म्हणाले, त्याची सुरुवात तार्यानेच करून दिली होती.

२१ ऑक्टोबर २००५ला हेलसिंकीच्या हार्टवॉल अरेनात कार्यक्रम झाला आणि त्यानंतर जाहीर पत्र लिहून बँडने तार्याला निरोप दिला. कोणाचं चुकलं यात मी पडत नाही. संगीतापुरतं बोलायचं तर 'डार्क पॅशन प्ले' (२००७) हा त्या वादळातून निघालेला अल्बम आहे आणि तो लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतल्या ऑर्केस्ट्राने भरून वाहतो. सुरुवातच चौदा मिनिटांच्या 'द पोएट अँड द पेंड्युलम'ने, ज्यात मुलाचा कोवळा आवाजही आहे. नवी गायिका आनेट ओल्झोन स्वीडनची, मेलडिक रॉकमधून आलेली. तिला तार्यासारखं गायला लावणं व्यर्थ होतं आणि बँडने ते केलंही नाही. पण जुनी गाणी मंचावर तिलाच म्हणावी लागत, आणि श्रोत्यांनी तिला त्यावरूनच जोखलं. हा अन्याय होता, असं माझं स्पष्ट मत आहे. 'अमरांथ' किंवा 'एव्हा' तिच्या आवाजात ज्या सहजतेने उलगडतं ते ऐका. बोलता बोलता गाणं सुरू व्हावं तसा तिचा आवाज आहे. याच अल्बममध्ये ट्रॉय डोनॉक्ली पाहुणा म्हणून आला, इलीयन पाइप्स, म्हणजे आयरिश पद्धतीची बॅगपाइप, घेऊन, आणि लोकसंगीताचा एक नवा प्रवाह कायमचा मिसळला. 'लास्ट ऑफ द वाइल्ड्स' या गायनाशिवायच्या रचनेत तो सर्वात ठळक आहे. मार्कोने गायलेलं 'द आयलँडर' मात्र जवळजवळ अकूस्टिक, १९९६च्या त्या मूळ कल्पनेच्या सगळ्यात जवळ जाणारं.

आनेटचा खरा अल्बम म्हणजे २०११चा 'इमॅजिनेरम', ज्यावर पुढच्या वर्षी चित्रपटही आला. हा अल्बम तिच्या आवाजाला समोर ठेवून लिहिलाय, आणि ते कळतं. 'स्लो, लव्ह, स्लो' हे चक्क जॅझच्या अंगाने जातं, मंद, धुरकट. 'स्केअरटेल'मध्ये ती चेटकिणीसारखी आवाज चिरकवते, सर्कशीचा बाज येतो. पहिलं गाणं फिनिशमध्ये, मार्कोच्या आवाजात. एका अल्बममध्ये इतके रंग या बँडने आधी कधी भरले नव्हते आणि नंतरही नाही. नाइटविशचे श्रोते 'वन्स'ला सर्वोत्तम म्हणतात, मी 'इमॅजिनेरम'ला त्याच्या शेजारी बसवते.

२०१२च्या अमेरिका दौऱ्यात आनेट बँडबाहेर झाली आणि ऐन दौऱ्यात, १ ऑक्टोबरला सिएटलमध्ये, नेदरलँड्सची फ्लोर यान्सेन मंचावर उभी राहिली. आफ्टर फॉरएव्हर या बँडमुळे मेटलच्या श्रोत्यांना ती आधीपासून माहीत होती. तिच्याकडे तिन्ही आवाज आहेत: ऑपेराचा, रॉकचा छातीतून येणारा, आणि गुरगुरणारा ग्राउल. वाकेनमध्ये तुम्ही जे पाहिलंत त्याचं रहस्य हेच. 'घोस्ट लव्ह स्कोर'च्या शेवटी ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं आणि पट्टी वर चढते. तार्या तिथे ऑपेराच्या गोलाईत राहते. फ्लोर छातीचा जोर न सोडता वर चढते आणि शेवटचा सूर तसाच उघडा, भरलेला धरून ठेवते. रचना तीच आहे, पण तिचं शिखर एकदम वेगळ्या जागी गेल्यासारखं वाटतं.

मग २०१५च्या 'एंडलेस फॉर्म्स मोस्ट ब्यूटिफुल'कडून अपेक्षा आभाळाला भिडल्या होत्या. शीर्षक डार्विनच्या ग्रंथाच्या शेवटच्या वाक्यातून घेतलंय, निवेदनाला रिचर्ड डॉकिन्स आणि शेवटचं 'द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ' चोवीस मिनिटांचं. परीकथा मागे पडली, विषय झाला उत्क्रांती आणि सजीवसृष्टी. ट्रॉय आता कायमचा सदस्य, आणि ड्रमवर काई हाहतो, कारण यूकाला निद्रानाशाने घेरलं होतं. मला यात एक गोष्ट खटकते: फ्लोरचा पूर्ण आवाका फार थोड्या वेळा वापरलाय. अल्बमभर ती मऊ, आवरून गाते. ज्या आवाजाने वाकेन हादरलं तो इथे बराच वेळ दाराबाहेर थांबलाय.

२०२०च्या 'ह्यूमन नेचर'मध्ये ती कसर थोडी भरून निघते. 'शूमेकर' हे ग्रहशास्त्रज्ञ यूजीन शूमेकरवरचं गाणं आहे, ज्याच्या अस्थी चंद्रावर पोहोचल्या. त्याच्या शेवटी फ्लोर पूर्ण ऑपेरात शिरते, आणि 'ओशनबॉर्न'पासून ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. 'हार्वेस्ट' ट्रॉय गातो, आणि तीन गाणारे गळे असण्याचा फायदा सगळ्यात जास्त याच अल्बममध्ये घेतलाय. पण दुसऱ्या सीडीवर आठ भागांची, अर्ध्या तासाची रचना आहे ज्यात बँड नाहीच, फक्त ऑर्केस्ट्रा, आणि सुरुवातीला व शेवटी निवेदन. तुओमासचा प्रवास जिथे जाणार होता तिथे तो पोहोचला. किंमत एम्पूच्या गिटारने मोजली, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे, आणि ती मला पटते.

२०२१च्या जानेवारीत मार्को बाहेर पडला. म्हणून २०२४च्या 'येस्टरविंड'मध्ये तो रांगडा आवाज नाही, आणि त्याची उणीव मला भासते. तरी अल्बम मागच्या दोन्हींपेक्षा जास्त जोरकस आहे. 'अ‍ॅन ओशन ऑफ स्ट्रेंज आयलंड्स'मध्ये वेग परत आलाय, कोरस भरपूर आहे. 'द चिल्ड्रन ऑफ आता' १९६५मध्ये टोंगाजवळच्या निर्जन बेटावर अडकलेल्या आणि पंधरा महिने एकमेकांना सांभाळून जगलेल्या सहा मुलांवर आहे. पूर्वी तुओमास काल्पनिक हरवलेली मुलं लिहायचा, आता खरी लिहितो. हा या तीन अल्बमांच्या मालिकेचा शेवट आहे असं त्यानेच सांगितलंय, आणि या अल्बमसाठी बँडने दौराही केला नाही.

आता तुम्ही कुठून ऐकावं ते सांगते. 'नेमो' आवडलं असेल तर 'वन्स' सलग, एका बैठकीत ऐका, मग मागे 'ओशनबॉर्न'कडे जा. मधला 'विशमास्टर' नंतर ऐकलात तरी चालेल. त्यानंतर 'इमॅजिनेरम', आणि तो ऐकताना तार्याशी तुलना करू नका. फ्लोरसाठी आधी मंचावरची चित्रफीत बघा, मग अल्बम. 'ह्यूमन नेचर'ची दुसरी सीडी घाईत लावू नका. ती हेडफोनवर, रात्री, मोबाइल बाजूला ठेवून ऐकायची आहे. आणि 'पॅशन अँड द ऑपेरा'चा शेवट ऐकून झाला की इथेच कळवा कसा वाटला ते, मला खरंच जाणून घ्यायचंय.